कवेलूवरची बत्तिशी

हरिसिंग बोलायला लागला की तोंडातून आधी हवा यायची, मागून शब्द. "टायर पंक्चर झाल्यावानी झालं बाई माह्यं," असं तो मला म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. पण गेल्या होळीनंतर त्याने हसणंही कमी केलं, गाणं तर पूर्णच सोडलं.

आमच्या गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे. मधे फक्त एक नाला. गावातल्या शाळेतून मी निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण संध्याकाळी तांड्यातली पोरं गोळा करून त्यांच्याबरोबर वाचायचं, चित्रं काढायची, ही सवय काही सुटली नाही. हरिसिंगच्या अंगणात आम्ही बसतो. तिथे निंबाची सावली मोठी आहे, आणि त्याची बायको रुपीबाई मधूनमधून पोरांपुढे भाजलेल्या शेंगा ओतते.

तांड्यात होळी पहाटे पेटते. दिवस उगवला की डफ वाजवत लेंगी सुरू होते. लेंगी म्हणजे होळीची गाणी. एक जण ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात. ओळ टाकणारा म्हणजे हरिसिंग, हे तांड्यात इतकं ठरलेलं की दुसऱ्या कोणी कधी प्रयत्नही केला नव्हता. गेल्या होळीपर्यंत मात्र त्याच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. त्याने ओळ टाकली आणि समोर बसलेल्या धनसिंगच्या कपाळावर थुंकी उडाली. धनसिंग पलीकडच्या तांड्याचा, तोही लेंगीतला नावाजलेला, त्या दिवशी पाहुणा म्हणून आलेला. तो दुपट्ट्याने कपाळ पुसत म्हणाला, "हरिसिंग, रंग पान्यात कालवतेत गड्या, थुंकीत नाही!"

सगळे हसले. हरिसिंगही हसला, पण डफ खाली ठेवला तो ठेवलाच.

पुढे पावसाळ्यात हरिसिंगच्या मुलाला, संजयला, मुलगा झाला. मोठी नात सोनू होतीच, सहा वर्षांची. आता नातू आला म्हणून रुपीबाईने तांडाभर गूळ वाटला आणि गूळ वाटतानाच तिच्या लक्षात आलं की होळीला धुंड करावी लागणार. ज्या घरी वर्षभरात मुलगा झाला, त्या घरापुढे होळीला सगळा तांडा जमतो आणि लेंगीवाले बाळाला गाण्यातून आशीर्वाद देतात. ही झाली धुंड. हरिसिंगच्या घराची त्यात आणखी एक रीत होती. आशीर्वादाची पहिली ओळ आजाने टाकायची. हरिसिंगच्या धुंडीला त्याच्या आजाने टाकली होती, संजयच्या धुंडीला हरिसिंगच्या बापाने.

"तुमच्यानं नाही झालं त धनसिंगले बोलावू," रुपीबाई म्हणाली.

"त्याले बोलावशील त मी त्या दिवशी जंगलात निघून जाईन."

"जा. जेवाले येजा फक्त."

तो गोठ्याकडे निघून गेला. पुन्हा कोणीच तो विषय काढला नाही. पण दोघांच्या मनात होळी बसून राहिली होती.

दिवाळीनंतर एका शनिवारी डॉ. अपेक्षा आमच्या शाळेत आली. दिग्रसच्या बस स्टँडमागे तिचा दातांचा दवाखाना आहे. महिन्यातला एक शनिवार ती दवाखान्याला कुलूप लावते आणि एखाद्या गावच्या शाळेत जाते. सोबत अक्षय असतो. अक्षय दवाखान्यात दातांचे साचे बनवतो, आणि शाळेत हातभर लांबीच्या ब्रशने एका भल्यामोठ्या प्लास्टिकच्या जबड्याचे दात घासून दाखवतो. पोरं त्याला अक्षयमामा म्हणतात. डॉक्टरचा एक नियम आहे. पोराचे दात पाहायचे असतील तर घरची सगळी माणसं आली पाहिजेत.

"दात एकट्याचा किडत नाही," ती म्हणते. "घरात एक जण जे खातो, ते सगळ्यांच्या तोंडात जातं."

म्हणून सोनूच्या मागोमाग सगळं घर शाळेच्या ओट्यावर आलं. पहिल्यांदा रुपीबाई बसली. ती रोज तंबाखूचं मंजन लावायची.

"हे काहून लावता आजी?" डॉक्टरने विचारलं.

"दात मजबूत राह्यते याच्यानं. माह्या सासूनं सांगतलं होतं."

"सासूबाईला शेवटी किती दात होते?"

रुपीबाईने आठवून पाहिलं. "तशी… शेवटी शेवटी ती वरणात भाकर कालवूनच खाये."

ओट्यावर एकच हशा झाला आणि सगळ्यांत मोठ्याने रुपीबाईच हसली. मंजनाची डबी मात्र तिने कमरेला घट्ट खोचून घेतली. ती सुटायला आणखी दोन महिने लागले.

मग संजय. डॉक्टरने त्याला तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तिसरं जाईना. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन त्याचा जबडा आवळत चालला होता.

"खर्रा बंद केला नाही ना, तर उद्या भाकरीचा घास जायची पंचाईत," डॉक्टर शांतपणे म्हणाली. "पोराच्या लग्नात लाडू कसा खाशील?"

संजयने खिशातली खर्र्याची पन्नी काढली आणि डॉक्टरच्या हातात दिली. अंजू, त्याची बायको, बाळाला मांडीवर घेऊन पाहत होती. ती हळूच म्हणाली, "माह्या सांगण्यानं त नाही दिली कधी."

अंजूच्या हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून तिने ब्रश करणंच सोडलं होतं. बाळंतपणाच्या आगेमागे असं होतं, अशा वेळी ब्रश सोडायचा नसतो, मऊ ब्रशने हलक्या हाताने करायचा, हे डॉक्टरने तिला समजावलं. बाळाला दूध पाजून झालं की ओल्या मऊ फडक्याने त्याच्या हिरड्या पुसायच्या, हेही दाखवलं. बाळाने डॉक्टरचं बोट बोळक्या तोंडात पकडून ठेवलं.

सोनूचा खालचा एक दात दिवाळीच्या आधीच पडला होता आणि तिथे नवा डोकावत होता. डॉक्टर म्हणाली, "दुधाचे दात पडतात बेटा, अन् खालून पक्के येतात. शेजारचा हलायला लागेल ना, त्याला घाबरायचं नाही." सोनूने मान डोलावली. ती गोष्ट तिने नीट ऐकून ठेवली, हे आम्हाला पुढे कळलं.

हरिसिंग खांबाला टेकून उभा होता. "मह्यं त सगळं साफ हाय. मले काय पाह्यता?"

"नियम म्हणजे नियम, आजोबा. बसा."

त्याच्या हिरड्यांवरून बोट फिरवत डॉक्टर म्हणाली, "हिरड्या चांगल्या आहेत. कवळी छान बसेल."

"चने खाता येईन?"

"हळूहळू."

"अन् लेंगी?"

डॉक्टर दिग्रसची, तिला लेंगी काय हे सांगावं लागलं नाही. तिने फक्त विचारलं, "यंदा होळी कधी आहे?"

आसपासच्या गावांतल्या काही म्हाताऱ्यांना तिच्या दवाखान्यातून दरवर्षी दात बसवून मिळतात. हरिसिंगचं नाव त्यांत गेलं. मापं झाली, साचा झाला, बसने दिग्रसच्या फेऱ्या झाल्या. होळीच्या आठवडाभर आधी तो दात घालून घरी आला. आरशात पाहून म्हणाला, "हा कोन पाहुना आला बापा?"

रुपीबाईने पदर तोंडावर ओढला. "लग्नात असेच दिसत," ती म्हणाली आणि चुलीकडे पळाली.

दात बसले म्हणून गाणं लगेच येत नाही. जिभेला नवीन शेजारी ओळखायला वेळ लागतो. हरिसिंग गोठ्यात जाऊन बैलांना लेंगी ऐकवू लागला. पहिल्या दिवशी बैलांनी कान हलवले, तिसऱ्या दिवशी रवंथ करत ऐकू लागले, म्हणजे सुधारणा होत होती. रात्री तो दात काढून पाण्याच्या डबीत ठेवायचा. एका जागी मात्र हिरडीला टोचायचं. होळीच्या आदल्या दिवशी तांड्यात येऊन तेवढं घासून देते, असा डॉक्टरने निरोप पाठवला होता.

"कितीबी केलं तं परके दात," टोचलं की हरिसिंग पुटपुटायचा. "आपले ते आपले."

सोनू शेजारी बसून ऐकायची.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी मी तांड्यात पोचले तेव्हा घर उलथंपालथं झालेलं होतं. डबी जागेवर होती, डबीत पाणी होतं, दात नव्हते.

"तूच पानी फेकलं असशील!" हरिसिंग रुपीबाईवर ओरडत होता. दात नसल्यामुळे ओरडण्यातही जोर नव्हता.

"मी फेकलं असतं त डबीत पानी कसं राह्यलं असतं? डोक्स्यात काही हाय का दातासंगं तेही काढून ठेवता रात्री?"

संजय गोठ्यात गव्हाण चाचपत होता. अंजूने बाळाची दुपटी झटकून पाहिली. कोणी मांजरीचं नाव घेतलं, कोणी शेजाऱ्याच्या कुत्र्याचं. शेजारच्या बाया येऊन कणगीमागे बघून गेल्या. शेवटी हरिसिंग निंबाखाली बसला, दुपट्टा तोंडावर धरला आणि म्हणाला, "संजय, धनसिंगले निरोप पाठव. उद्या धुंडीले ये म्हना."

संजय निरोप घेऊन गेला नाही. हरिसिंग जंगलात जाईन असं म्हणाला नाही, याचंच सगळ्यांना वाईट वाटलं.

अशा गडबडीत लहान मुलांकडे कोणी पाहत नाही. माझं मात्र लक्ष सोनूकडे गेलं. ती आजोबापाशी आली. बंजारा घरात आजाला दादा म्हणतात. "दादा, आ कर," ती म्हणाली. त्याने बिचाऱ्याने तोंड उघडलं. तिने आत नीट पाहिलं, मान हलवली आणि निघून गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली. "दादा, आ कर."

"कायले वं?"

"असंच."

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मी तिला माझ्याजवळ बसवून घेतलं. तिच्यापुढे पाटी ठेवली. ती उंदीर काढू लागली. इतकी वर्षं पोरांबरोबर काढल्यावर एक गोष्ट मला कळली आहे. मुलाला "का" विचारलं की ते गप्प होतं, "केव्हा" विचारलं की ते सांगतं.

"दादाचे केव्हा येतील गं?" मी विचारलं.

"उद्या," सोनू उंदराला शेपटी काढत म्हणाली. "नाही त परवा. मह्या एकाले लय दिवस लागले. पन दादाचे त सगळेच टाकले ना, म्हनून बम लवकर येतीन."

आणि मग पटकन तिने माझी हनुवटी दोन्ही हातांनी धरली. "बाई, वर पाहू नका! कोनी पाह्यलं की उंदीर घेत नाही!"

आमच्या भागात मुलाचा दुधाचा दात पडला की तो कवेलूवर, म्हणजे छपराच्या कौलांवर, फेकतात. उंदराने तो न्यावा आणि आपल्यासारखा पांढरा पक्का दात द्यावा. फेकून झाल्यावर वर पाहायचं नसतं आणि कोणाला सांगायचंही नसतं. सोनूचा पहिला दात असाच स्वयंपाकघराच्या कवेलूवर गेला होता, आणि नवा आलाही होता. म्हणून पहाटे सगळे झोपलेले असताना तिने दादाची सगळी बत्तिशी तिथे पोचवली होती.

मी वर पाहिलं नाही. फार कठीण गेलं.

तेवढ्यात डॉक्टरची गाडी आली. मी तिला गोठ्यामागे नेऊन सगळं सांगितलं. अक्षय हसू दाबायला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टर हसली नाही. ती येऊन सोनूपुढे मातीतच मांडी घालून बसली.

"सोनू, तुझा दात पडला तेव्हा खाली दुसरा होता, हो ना?"

"हो. झोपला होता."

"बरोबर. उंदराने त्याला उठवलं. आता हात धुऊन ये आणि दादाच्या हिरडीवर बोट फिरव. खाली कोणी झोपलंय का बघ."

सोनूने हात धुतले. हरिसिंगला अजून काही कळलं नव्हतं, पण त्याने तोंड उघडलं. सोनूने या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"कोनीच नाही," ती हळूच म्हणाली.

"मग उंदीर कोणाला उठवणार? माणसाला दात दोनदाच मिळतात बेटा. एकदा लहानपणी, एकदा तुझ्याएवढं झाल्यावर. ते संपले की उंदराकडे काही नसतं. मग अक्षयमामाला बनवावे लागतात."

सोनूचे डोळे भरले. "मंग अक्षयमामाचे तर…" आणि तिने वर बोट दाखवलं.

आता सगळ्या अंगणाने वर पाहिलं. रुपीबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "आता गं माय!" आणि हसत सुटली. संजय शिडी आणायला धावला. पण सोनू भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"नाही! दिलेलं वापस घेतलं त उंदीर रागावन. मंग माहे दातच येनार नाही. मी बी दादावानीच राहीन!"

ती मनापासून रडू लागली. हरिसिंग उठला. तोंडावरचा दुपट्टा बाजूला केला, तिला उचलून कडेवर घेतलं आणि संजयला म्हणाला, "शिडी ठेवून दे. राहू दे तिथंच. पोरीचे दात येऊ दे. माह्यं गानं काय, लय झालं गाऊन."

"पन उद्या धुंड…" अंजू म्हणाली.

"धनसिंग टाकन ओळ. चांगला गाते तो."

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला तांड्याने किती वर्षं वाट पाहिली असती. त्याने ते इतक्या सहज म्हटलं की सोनूचं रडणं थांबलं. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिची जीभ गालात फिरली, खालच्या हलणाऱ्या दातावर जाऊन थांबली. त्या दाताला गेला पंधरवडा तिने कोणाला हात लावू दिला नव्हता. अंजू नुसती जवळ आली तरी ती ओठ मिटून घ्यायची.

"डॉक्टरबाई," ती म्हणाली, "बदल्यात दुसरा देला त चालते का उंदराले?"

डॉक्टरने गंभीरपणे विचार केला. "बदली चालते. पण आधी द्यायचा, मग घ्यायचा."

सोनू कडेवरून उतरली. डॉक्टरपुढे बसली, डोळे घट्ट मिटले आणि या घरातल्या कोणीच उघडलं नसेल इतकं मोठं तोंड उघडलं. दात हलून हलून नुसता टेकलेला होता. डॉक्टरने कापसाच्या बोळ्यात धरला, आणि सोनूने "झालं का?" विचारायच्या आत तो बाहेर होता.

"एवढंच?" सोनू म्हणाली.

"एवढंच."

तिने कापूस चावून धरला. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले, हरिसिंगनेही, आणि कवेलूवर एक बारीकसा टक् आवाज झाला. मगच अक्षय शिडीवर चढला.

"दाताच्या दवाखान्यात कामाले लागलो," वरून त्याचा आवाज आला, "कवेलू फेरायले नाही!"

"पाय आडव्या बल्लीवर ठेव रे! मह्या कवेलूवर नको देऊ!" खालून रुपीबाई. वरची कवळी लवकर सापडली. खालची सुकलेल्या दोडक्याच्या वेलात अडकली होती. तिच्यासाठी तीन कवेलू फुटले आणि रुपीबाईने प्रत्येकाच्या नावाने अक्षयचा उद्धार केला.

एका दाताचा कोपरा उडाला होता, बाकी सगळं शाबूत. डॉक्टरने कवळी स्वच्छ धुतली, कोपरा गुळगुळीत केला, टोचणारी जागा घासली, घालून पाहिली, पुन्हा घासली. हरिसिंगने दात घातले, जीभ फिरवली आणि छाती भरून पहिला शब्द उच्चारला.

"धनसिंग!"

"आता त्याले कायले बोलावता?" रुपीबाईने विचारलं.

"बोलावून नाही राह्यलो. थुंकी उडते का ते पाहून राह्यलो."

धनसिंग दुसऱ्या दिवशी आलाच. निरोप न जाताही आला, तांड्याचा पाहुणा म्हणून. पहाटे होळी पेटली, ऊन चढलं, सगळा तांडा हरिसिंगच्या दारात जमला. अंजू नव्या ओढणीत बाळाला घेऊन बसली होती. संजय डफ शेकत होता, आणि त्याच्या गालात खर्र्याऐवजी बडीशेप होती. डॉक्टर आणि अक्षय गुलालाने ओळखू येत नव्हते.

हरिसिंगने डफ उचलला. जिभेने दात चाचपले. मग ओळ टाकली, आणि प्रत्येक शब्द नाल्याच्या पलीकडे गावापर्यंत गेला असेल. बाळ मोठं होवो, त्याच्या गोठ्यात गुरं वाढोत, त्याच्या दारी पाहुणे येत राहोत, असे ते आशीर्वाद. लेंगीवाल्यांनी ओळ उचलली, बाया थाळ्या वाजवू लागल्या. धनसिंग मान डोलवत होता आणि एक हात कपाळापाशी तयार ठेवून बसला होता. पण पुसायला काहीच आलं नाही.

बाळाचे आशीर्वाद संपले. इथे गाणं थांबतं. हरिसिंग थांबला नाही. त्याने सोनूकडे वळून नवीनच ओळ टाकली. जिने आपला दात देऊन आजाचं गाणं सोडवून आणलं, ती पोरगी तांड्याचा कारभार पाहणारी नायकीण होवो, तिच्या हसण्याला कधी खंड न पडो.

लेंगीवाले एकमेकांकडे पाहू लागले. पोरीसाठी धुंडीत कधी ओळ पडली नव्हती. ती उचलायची की नाही, कोणालाच कळेना. डफ एकटा वाजत राहिला.

मग एका बाजूने भरदार आवाज उठला आणि ओळ उचलली गेली. धनसिंगने उचलली होती. त्याच्यामागे सगळा तांडा.

सोनू खिडकीएवढी फट असलेलं तोंड उघडून हसत होती, आणि लेंगी रंगात आली तरी त्या अंगणात त्या दिवशी कोणीही, अगदी कोणीही, स्वयंपाकघराच्या कवेलूकडे मान वर करून पाहिलं नाही.